मागच्या अंगणाची बाग एका वर्षात: कोणतं काम आधी आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागची जागा १२ मीटर रुंद आणि ९ मीटर खोल. जमीन घराकडे उतरते. मागचं टोक दाराजवळच्या जमिनीपेक्षा १५ सेंमी उंच आहे. पाऊस झाला की मागच्या दारापाशी दोन-दोन दिवस पाणी साचतं. कोपऱ्यात एक जुनं झाड आहे, बुंधा ३० सेंमी जाड. येत्या वर्षात बसायला २० चौरस मीटर फरसबंदी, तिच्यावर मांडव, ३ बाय २ मीटरचं तळं, भाजीचे चार उंच वाफे, थोडं लॉन, ठिबक आणि दिवे एवढं करायचं आहे. सुट्टीच्या दिवशी जमेल तेवढं स्वतः, जड कामाला माणसं. सुरुवात कुठून करायची आणि वर्षात हे उरकेल का?

बहुतेक उरकेल, पण तुमची यादी आवडीच्या क्रमाने लिहिलेली आहे आणि काम त्या क्रमाने होत नाही. यादीतल्या प्रत्येक कामापुढे एक प्रश्न लिहा: हे सहा महिन्यांनी करायचं ठरवलं, तर आज केलेलं काय फोडावं लागेल? "फरशी" असं उत्तर आलं तर ते काम फरशीच्या आधी. "काहीच नाही" असं आलं तर ते निवांत शेवटी जाऊ द्या. दिवे पुढच्या वर्षी लावले तरी बिघडत नाही, पण त्यांची वायर ज्या पाइपातून जाणार तो पाइप फरशीखाली आजच हवा. मांडवाचं छत नंतर चालेल, खांबांचे पाये आत्ताच हवेत. झाडं लावण्यासाठी काहीच फोडावं लागत नाही, म्हणून ती सर्वांत शेवटी. अशी छाननी केली की यादीची आपोआप दोन टोकं होतात: जमिनीखालचं आणि जमिनीवरचं.

तुमच्या बाबतीत जमिनीखालचं सगळ्यात मोठं काम दारापाशी साचणारं पाणी हे आहे. ते तुमच्या यादीत नाही, पण वरची सगळी यादी त्यावर उभी राहणार आहे. पाण्याची वाट न काढता फरसबंदी केली तर पाणी मुरायला होती ती मातीही झाकली जाते आणि तेच पाणी उंबऱ्याला येऊन टेकतं.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे तेही सांगतो. माती किती पाणी पिते, पाऊस कधी आणि किती येतो, जादा पाणी बाहेर सोडायची परवानगी आणि सोय आहे का, आणि घराच्या बाजूने मागे यायची वाट किती रुंद आहे. शेवटची गोष्ट फार लोक मोजत नाहीत. वाट ९० सेंमी असेल तर हातगाडी सहज जाते. ७० असेल तर सगळी खडी घमेल्यांनी वाहावी लागेल आणि तेच काम दुप्पट वेळ खाईल.

मातीची चाचणी आधी करा, एका दिवसाचं काम आहे. तीन ठिकाणी ३० सेंमी खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या: एक दाराजवळ, एक मधोमध, एक मागे. पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि आता पातळी तासाला किती उतरते ते पट्टीने मोजा. पहिलं भरणं मोजायचं नाही, कारण कोरडी माती सुरुवातीला कितीही पाणी पिते आणि आकडा फसवतो. तासाला २.५ ते ५ सेंमी उतरलं तर माती उत्तम. १ सेंमीच्या आत राहिलं तर ती चिकण आहे किंवा दबलेली आहे. या दोन्हींत फरक आहे. ८ मिमीची लोखंडी सळई दोन्ही हातांनी दाबून पाहा. १५-२० सेंमीवर अचानक अडली आणि खालून पुन्हा सहज गेली, तर मधला थर दबलेला आहे आणि पहारीने फोडला की सुटतो. सगळीकडे सारखीच चिवट लागली तर मातीच चिकण.

चिकण मातीत वाळू मिसळायचा मोह टाळा. थोडी वाळू घातलेली चिकण माती वाळली की विटेसारखी होते. वाळूचा उपयोग व्हायला ती मातीपेक्षा जास्त घालावी लागते, आणि तेवढी कोणी घालत नाही. त्याऐवजी ५ सेंमी जाड कंपोस्टचा थर पसरून वरच्या १५-२० सेंमीत मिसळा, आणि हे दरवर्षी करा.

यानंतर पातळ्या. इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं या आकड्यांवर चालतं. १० मिमीची पारदर्शक नळी १६-१७ मीटर घ्या आणि पाण्याने भरा. नळीत एकही बुडबुडा नको. एक बुडबुडा राहिला तरी दोन-तीन सेंमीची चूक होते. खात्री करायची तर दोन्ही टोकं शेजारी धरा, दोन्हीकडे पाणी एका रेषेत यायला हवं. मग घराच्या भिंतीवर आतल्या फरशीच्या पातळीपासून बरोबर १ मीटर उंचीवर पेन्सिलने रेघ मारा. ही तुमची शून्य रेघ, काम संपेपर्यंत पुसायची नाही. एकाने नळीचं पाणी या रेघेवर धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक काठीला लावून जागेत फिरायचं आणि पाण्यापासून खाली जमिनीपर्यंत मोजायचं. १.१५ मीटर आलं तर तिथली जमीन घराच्या फरशीपेक्षा १५ सेंमी खाली. दर ३ मीटरला एक बिंदू घेतला तर तुमच्या जागेत २० बिंदू होतात. एका संध्याकाळी कागदावर सगळी जमीन उतरते. जाता जाता कोपरेही तपासून घ्या: १२ आणि ९ च्या बाजू काटकोनात असतील तर कर्ण बरोबर १५ मीटर भरतो.

आता पाण्याची वाट. अख्खी जमीन उलट्या उताराची करायची गरज नाही, आणि त्या झाडामुळे तसं करूही नये. घरापासून पहिले ३ मीटर घराबाहेर उतरते करा, ३ मीटरला ५ सेंमी. हा १:६० चा उतार झाला. डोळ्याला जाणवत नाही, पाण्याला पुरतो. तिथे घराला समांतर एक उथळ चर घ्या, ६० सेंमी रुंद, सुरुवातीला फरशीच्या कडेपेक्षा ५ सेंमी खोल आणि पुढे दर मीटरला १ सेंमी उतरता. १२ मीटरला १२ सेंमी. मागची उंच जमीन आपलं पाणी या चरात सोडेल, या ३ मीटरच्या पट्ट्यात घरालगत बसणारी फरशीही याच चरात सोडेल, आणि दार कोरडं राहील. बागेत जायची पायवाट चर जिथे ओलांडते तिथे वाटेखाली ११० मिमीचा पाइप टाका.

चराच्या खालच्या टोकाला पाणी कुठे जाणार? बाहेर गटार असेल आणि जोडायची परवानगी असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर तिथे एक खोलगट वाफा करा, ज्यात पाणी थांबून मुरेल. आकार हिशेबाने ठरतो. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. छपराचा ४० चौरस मीटर भाग मागे उतरतो असं धरलं तर २५ मिमी पावसात १००० लिटर येतात. वाफा १५ सेंमी खोल असेल तर ७ चौरस मीटर लागतात. माती तासाला १ सेंमी पीत असली तरी तो १५ तासांत रिकामा होईल, डासांची अळी वाढायला सवडच मिळणार नाही. हा वाफा घराच्या पायापासून ३ मीटरपेक्षा लांब ठेवा, आणि तो भरून वाहिला तर जादा पाणी कुठल्या बाजूने जाईल ती कड मुद्दाम २-३ सेंमी खाली ठेवा. मोठा पाऊस वाट विचारत नाही. कड ठेवली नाही तर ती तो स्वतः पाडतो, आणि बहुधा नको तिथे.

चाचणीत पातळी अजिबात उतरली नाही तर चराऐवजी जमिनीखालून निचरा लागेल: ३० सेंमी रुंद आणि ५०-६० सेंमी खोल चर, १:१०० उतार, तळाशी खडी, तिच्यावर भोकं खाली ठेवून १०० मिमीचा छिद्रांचा पाइप, वर पुन्हा २० मिमीची खडी. हे सगळं माती अडवणाऱ्या कापडात गुंडाळायचं. कापड टाळलं तर गाळाने खडी भरून येते आणि वर खणून पाहिल्याशिवाय कारण कळत नाही. आणि या पाइपाला बाहेर पडायला खालची जागा हवीच. ती नसेल तर हा निचरा म्हणजे जमिनीत पुरलेली टाकी.

पातळ्या ठरल्या की मातीचा जमाखर्च मांडा. कामाचे दिवस इथेच वाचतात. फरसबंदीसाठी २० चौरस मीटरवर २० सेंमी खोदायचं आहे, म्हणजे ४ घनमीटर. तळं टप्पे धरून साधारण ३ घनमीटर. चर आणि खोलगट वाफा मिळून २. एकूण ९. खणलेली माती फुगते, साधारण चौथाईने, म्हणजे सुटी माती ११ घनमीटरच्या वर. दुसरीकडे चार उंच वाफे, प्रत्येकी २.४ बाय १.२ मीटर आणि ३० सेंमी उंच, मिळून साडेतीन घनमीटर. पहिल्या वर्षात भर १५ टक्के बसते म्हणून ४ धरा.

कागदावर तळ्याची माती वाफ्यांत घालावीशी वाटते. ती चूक करू नका. तळ्यातली बरीचशी माती खालच्या थरातली, त्यात भाजी धरत नाही. वाफ्यांना लागते वरची माती, आणि ती फरसबंदीच्या जागेखाली आहे, जिथे ती यापुढे कोणाच्याच उपयोगी पडणार नाही. म्हणून फरसबंदीची वरची माती आधी काढून वेगळा ढीग करा, उंची मीटर-सव्वामीटरच्या आत, वर झाकण. तीन भागांत दोन भाग ही माती आणि एक भाग कंपोस्ट असं धरलं तर वाफ्यांना तिच्यातली पावणेतीन घनमीटर आणि १.३ घनमीटर कंपोस्ट लागेल. तळ्याची खालची माती फरशीच्या बाजूला घरालगत उरलेल्या ५.५ बाय ३ मीटर पट्ट्यात घाला. १० सेंमी भर घातली तर तिथे १.६५ घनमीटर जिरते. मात्र भर घातल्यावरही जमीन घरातल्या फरशीपेक्षा किमान १५ सेंमी खाली राहायला हवी, नाहीतर भिंतीत ओल चढते. तेवढी उंची हाती नसेल तर भर न घालता माती बाहेर काढा.

या जमाखर्चात दोन गोष्टी घात करतात. पहिली, घरालगतच्या मातीत बांधकामाचा राडारोडा: सिमेंटचे तुकडे, चुना, विटांचा चुरा. सिमेंट-चुन्याने मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. अशी माती वाफ्यात नको. दुसरी, लव्हाळा आणि हरळी. लव्हाळ्याच्या गाठी २०-३० सेंमी खोल असतात आणि हरळीचा बोटभर तुकडाही पुन्हा रुजतो. तणाची ती माती उचलून वाफ्यांत भरली तर तुम्ही तण स्वतःच्या हाताने चार ठिकाणी पेरलं. जिथे तण आहे ती माती भरावाला वापरा. पारदर्शक प्लास्टिक कडक उन्हात ओल्या मातीवर ४ ते ६ आठवडे पसरून ठेवलं तर बरंच तण आणि त्याचं बी मरतं, पण लव्हाळ्याच्या खोल गाठी त्याने मरत नाहीत. त्यासाठी नवा कोंब दिसला की गाठीसकट उपटणं, आणि हे न चुकता पूर्ण हंगामभर. म्हणून तणाचं काम आजच सुरू करा. बाकी कशाचीही वाट त्याला पाहावी लागत नाही.

खोदाई माती वाफशावर, म्हणजे ना चिखल ना ठणठणीत कोरडी, असतानाच. मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. फुटून भुगा झाला तर काम सुरू करा. अंगठ्याचा चकचकीत ठसा उमटला तर दोन-चार दिवस थांबा. ओल्या चिकण मातीवर हातगाडी फिरली की आत्ता सुधारलेली निचऱ्याची वाट तुम्हीच बंद करता.

फरशी बसवण्याआधी तिच्या खालून जे जे जायचं आहे ते टाका. ठिबकासाठी एक आणि विजेसाठी एक असे दोन वेगळे मोकळे पाइप, आणि एक तिसरा रिकामा. तिसऱ्याचं काम आज सांगता येणार नाही, पण तो लागतोच. प्रत्येकात नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकं बांधून ठेवा, आणि कुठून कुठे गेले ते भिंतीपासून मोजून लिहा, फोटो काढा. वीज बागेत नेताना ३० मिलिअँपिअर वीज गळाली की पुरवठा तोडणारं गळती-संरक्षण हवं, आणि हे काम परवानाधारक माणसाकडूनच.

मग मांडवाचे पाये. चार खांब, प्रत्येकाला ३० बाय ३० सेंमी आणि ६० सेंमी खोल काँक्रीट, चारही मिळून सव्वादोनशे लिटरच्या आत. खांब लाकडी असतील तर ते काँक्रीटमध्ये पुरू नका. लाकूड कापलेल्या टोकाकडून सर्वांत जास्त पाणी शोषतं, आणि पुरलेलं टोक नेमकं जमिनीच्या रेषेवर कुजतं, जिथे ते दिसतही नाही. काँक्रीट ओलं असताना लोखंडी बूट बसवा आणि खांब त्यात असा ठेवा की टोक पृष्ठभागापासून २-३ सेंमी वर राहील. काँक्रीटला सात दिवस पाणी मारून मगच वजन द्या. मांडवावर जाड बुंध्याची वेल चढवायची असेल तर तुळया दणकट घ्या. पावसात भिजलेल्या वेलीचं वजन आणि वाऱ्याची ओढ मिळून हलकी चौकट वाकते.

फरसबंदीत काम बिघडतं ते वरच्या फरशीत नाही, खालच्या थरात. २० सेंमीचा हिशेब असा: १० सेंमी खडी आणि कच (दगडाची चुरी) यांचा दाबलेला थर, ४ सेंमी जाड वाळू, ६ सेंमीची फरशी. खडी एका वेळी १० सेंमी टाकून दाबायची नाही, दोन पदर करा, प्रत्येकावर थोडं पाणी मारा आणि प्लेट कॉम्पॅक्टर (ठोकून दाबणारं यंत्र) चारदा फिरवा. दाबलेली २ घनमीटर हवी म्हणून अडीच मागवा. कडा कुठल्या तरी पक्क्या गोष्टीने धरलेल्या हव्यात. कड सुटली की पहिल्या पावसानंतर वाळू बाजूने सरकते, कडेची ओळ खचते आणि मग एकेक ओळ मागे येत जाते. वाळूचा थर मात्र दाबायचा नाही, दोन पाइप रुळासारखे ठेवून त्यावरून फळी ओढून सारखा करायचा. वाळूच्या जाडीने खालच्या खडीचे खड्डे झाकू नका. जिथे वाळूचा थर जाड तिथे फरशी पुढे खचते. उतार खडीच्या थरातच आलेला असला पाहिजे. तुकडे आणि काटछाट धरून फरशी १० टक्के जास्त घ्या, सगळी एकाच खेपेची, नाहीतर रंग जुळत नाही.

जुन्या झाडाबद्दल. बुंध्याच्या जाडीच्या बारा पट अंतर मुळांसाठी राखून ठेवायचं. तुमच्या झाडाला ३.६ मीटर. या वर्तुळात खोदाई नाही, भर नाही, खडीचा ढीगसुद्धा नाही. मुळं बहुतेक वरच्या ६० सेंमीत असतात आणि त्यांना हवा लागते. वर १५ सेंमी माती टाकली तरी झाड दोन-तीन वर्षांत फांदी-फांदीने वाळत जाऊ शकतं, आणि तोवर त्या भरावाची कोणाला आठवण राहत नाही. काम सुरू करायच्या आधी चार खुंट्या मारून दोरी बांधा, म्हणजे मजुरांना वेगळं सांगावं लागणार नाही.

तळं सखल जागी काढायची चूक सर्रास होते. खाली काढलं की बागेतलं सगळं पाणी खत आणि गाळ घेऊन त्यात येतं, पाणी हिरवं होतं, आणि जमिनीतलं पाणी चढलं की तळ्यात पाणी धरून ठेवायला अंथरलेला जलरोधक कागद फुगून वर येतो. चराच्या वरच्या अंगाला, झाडाच्या वर्तुळाबाहेर, पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा घ्या. ३ बाय २ मीटर आणि ६० सेंमी खोल तळ्याला कागद किती? लांबीत ३ + दोनदा ०.६ + कडेला ०.६, म्हणजे ४.८ मीटर, रुंदीत त्याच हिशेबाने ३.८. काठाची पातळी त्याच नळीने तपासा. पाणी एका बाजूला ३ सेंमी खाली दिसलं तर तळं आयुष्यभर तिरपं दिसतं, आणि कागद टाकल्यावर दुरुस्ती होत नाही. कागदाखाली मऊ अस्तर हवं, आणि ते घालायच्या आधी तळावरून हात फिरवून प्रत्येक टोकदार खडा काढा. ३००० लिटरचं पाणी दोन तासांत एकदा फिरावं म्हणून पंप तासाला १५०० लिटरचा लागतो. हा आकडा तुमच्या कारंज्याच्या उंचीवर मिळायला हवा, खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो.

वर्षात एखादं काम पुढे ढकलायचं झालं तर मी तळं ढकलेन. त्याची जागा राखायची, विजेचा पाइप तिथपर्यंत नेऊन ठेवायचा, आणि वर्षभर तिथे हंगामी फुलं लावायची. काहीही फोडावं न लागता ते पुढे कधीही होतं.

वाफ्यांची रुंदी १.२ मीटरच्या वर नको, म्हणजे दोन्हीकडून हात मध्यापर्यंत पोचतो. भिंतीला लागून असेल तर ६० ते ७५ सेंमी. मधल्या वाटा किमान ६०, एक तरी ९० सेंमीची. भरून झाल्यावर दोनदा भरपूर पाणी द्या आणि महिनाभर बसू द्या, मग लागवड.

ठिबकासाठी आधी नळाचं मोजमाप. १० लिटरची बादली २० सेकंदांत भरली तर मिनिटाला ३० लिटर मिळतात. एका वाफ्यात चार ओळी आणि दर ३० सेंमीला तासाला २ लिटरचा ड्रिपर धरला तर ३२ ड्रिपर, तासाला ६४ लिटर. चार वाफ्यांना २५६. पाणी मुबलक आहे, प्रश्न दाबाचा येतो. पाणी छतावरच्या टाकीतून येत असेल तर दर १० मीटर उंचीला १ बार दाब. ३ मीटरवरची टाकी ०.३ बार देते. दाब सारखा राखणारे ड्रिपर त्यावर नीट उघडतच नाहीत, साधे कमी दाबाचे घ्यावे लागतात. बारीक जाळीची (१२० मेश) गाळणी सुरुवातीलाच लावा आणि नळ्यांची टोकं महिन्यातून एकदा उघडून धुवा. ६४ लिटर त्या वाफ्यावर तासाला २२ मिमी पावसाइतके होतात, म्हणून १५ मिनिटं पुष्कळ. तासभर चालू ठेवलं तर खत खाली वाहून जातं आणि पानं पिवळी पडतात, मग पाणी कमी पडलं असं समजून आणखी दिलं जातं.

लागवडीत आधी मोठी झाडं, मग झुडपं, मग जमिनीलगतची. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याइतकीच. बुंधा जिथे रुंदावतो ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे. झुडपांमधलं अंतर वाढ पूर्ण झाल्यावरच्या रुंदीवरून ठरवा. पहिल्या वर्षी मोकळं दिसतं, तिथे हंगामी भरा. ३० सेंमी अंतराने चौरस मीटरला ११ रोपं, ४५ ने ५, ६० ने ३. आच्छादन ५ ते ८ सेंमी, बुंध्यापासून १० सेंमी लांब. लॉन झाडाखाली आणि पाच तासांपेक्षा कमी ऊन मिळतं तिथे लावू नका. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता एकाच जागेवरून फोटो काढा आणि महिन्यातून एकदा तेच करा. सावली ऋतूनुसार किती सरकते ते या फोटोंशिवाय डोक्यात राहत नाही.

वेळापत्रक लागवडीच्या हंगामापासून उलटं मोजा. तुमच्याकडे तो पावसाच्या तोंडाशी असेल, थंडी सरताना असेल, ते तुम्हाला माहीत. त्याआधीचा एक महिना ठिबक आणि माती तयार करायला. त्याआधी दोन महिने फरसबंदी आणि वाफे. त्याआधी एक महिना पाये आणि पाइप. त्याआधी दीड महिना उतार, चर आणि खोदाई. आणि या सगळ्याच्या आधी एक तरी चांगला पाऊस तुम्ही छत्री घेऊन मागच्या अंगणात उभं राहून पाहिलेला असावा, पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं ते खुंट्या मारून खूण केलेलं असावं. काम मागच्या टोकाकडून वाटेकडे आणा, नाहीतर शेवटची खडी नव्या फरशीवरून वाहावी लागते.

हातांचा हिशेबही घ्या. हातगाडीत साधारण ६५ लिटर माती बसते. ११ घनमीटर सुटी माती आणि बाहेरून येणारी खडी, वाळू, कंपोस्ट मिळून २४० च्या आसपास खेपा. सवय नसलेल्या माणसाने दिवसाला एक घनमीटर खोदून वाहून नेलं तर चांगलं काम झालं. म्हणजे नुसती खोदाई नऊ दिवसांची, म्हणजे पाच शनिवार-रविवार. तुमच्या यादीतलं माणसं लावण्याजोगं काम हेच. उतार आणि फरशीचा खालचा थर मात्र स्वतः समोर उभं राहून नळीने तपासून घ्या. वेळ आणि सामान दोन्हींत १५ ते २० टक्के जादा धरा.

आणि मध्येच पाऊस आला किंवा हात थांबले, तर कुठे थांबायचं ते आधी ठरवून ठेवा. खडीचा थर दाबून झालेला असेल तर एक हंगाम तसाच राहतो, उलट जिथे खचायचं तिथे खचून घेतो आणि मग दुरुस्त करून फरशी बसवता येते. वाळूवर मात्र थांबू नका, ती वाहून जाते. पायाचे खड्डे उघडे ठेवू नका. कडा ढासळतात आणि कोणी पडतं. खोदलेल्या चराचं खालचं टोक आधी उघडा, वरचं नंतर, म्हणजे अर्ध्यावर थांबलात तरी पाणी बाहेरच जाईल. उघडी पडलेली माती नांगरल्यासारखी सोडू नका, पालापाचोळ्याने झाका किंवा भरभर वाढणारं एखादं हिरवळीचं पीक फेका. फुलावर येण्याआधी कापून तिथेच गाडलं की लागवडीला माती तयार असते.